सोलापूरहून हिमालयात: कॅम्पर व्हॅनसाठी जादा हीटर कसा निवडावा आणि बसवावा

सोलापुरात ट्रॅव्हलर किंवा विंगर घेऊन तिची कॅम्पर करून घेताना बॉडीवाल्याशी चर्चा होते ती उन्हाची. इथल्या मे महिन्यात ते साहजिकच आहे. थंडीचा विषय निघतो तो गाडी तयार झाल्यावर आणि मनालीची तारीख ठरल्यावर. मग ऑनलाइन '५ किलोवॅट', '८ किलोवॅट' असे आकडे बघून हीटर मागवला जातो, सीटखाली जागा दिसेल तिथे बसवला जातो आणि पहिली परीक्षा थेट तीन हजार मीटरवर होते.

हा क्रम उलटा करायला हवा. गाडी किती उष्णता गमावते ते आधी मोजायचं, मग ती गळती कमी करायची, आणि हीटरचा आकडा शेवटी ठरवायचा. मोजणीसाठी बर्फात जावं लागत नाही. सोलापुरात, घरासमोर, डिसेंबरच्या एका पहाटे ती करता येते.

आधी ठरवा, जायचं कुठे

महाबळेश्वर, बिदर, हंपी एवढाच फेरा असेल तर जळणाचा हीटर घेऊच नका. चांगली रजई, गरम पाण्याची पिशवी आणि खिडक्यांना झाकणं एवढ्यावर भागतं. उटीला जानेवारीत दहिवर गोठतं, पण तिथे रात्री वीजजोडणी मिळणार असेल तर साधा इलेक्ट्रिक हीटर पुरतो.

खरा प्रश्न हिमाचल, उत्तराखंड आणि लडाखचा. राष्ट्रीय महामार्ग ५२ सोलापुरातून धुळे, इंदूर, कोटा, जयपूर, हिसार करत पंजाबात संगरूरपर्यंत जातो, त्यामुळे इथून उत्तरेला गाडी नेणं रस्त्याच्या दृष्टीने सोपं आहे. पण सोलापूर समुद्रसपाटीपासून साडेचारशे मीटरच्या आसपास, मनाली सुमारे २,०५० मीटरवर आणि लेह सुमारे ३,५०० मीटरवर. २०२० साली अटल बोगदा सुरू झाल्यापासून मनालीहून लाहौलमधल्या सिस्सूला, म्हणजे तीन हजार मीटरच्या वर, तासाभरात पोहोचता येतं. आदल्या रात्री मनालीत नीट चाललेला हीटर दुसऱ्या रात्री सिस्सूत काळा धूर का ओकतो, याचं कारण या चढाईत आहे. ते पुढे येईलच.

गाडीची गळती मोजण्याची रीत

लागणारं साहित्य: एक ऑइल फिल्ड रेडिएटर किंवा १,००० वॅटचा हीटर, प्लगमध्ये लावायचा वॅटमीटर, दोन डिजिटल थर्मामीटर आणि १६ अँपिअरचा सॉकेट. फॅन हीटरपेक्षा रेडिएटर बरा, कारण तो तासन्‌तास चालवायचा आहे. तो मधल्या मोकळ्या जागेत ठेवा, पडदे आणि गादीपासून दूर. गाडीत कोणी झोपू नका, पण घरात कोणीतरी जागं असू द्या.

रात्री अकराच्या सुमारास खिडक्या, दारं बंद करा. झोपताना जेवढी हवेची फट ठेवणार आहात तेवढीच उघडी ठेवा. रेडिएटर १,००० वॅटच्या खुंटीवर लावून थर्मोस्टॅट पूर्ण वर फिरवा, म्हणजे तो मध्येच बंद पडणार नाही. एक थर्मामीटर आत, गादीच्या उंचीवर, हीटरच्या थेट झोताबाहेर टांगा. दुसरा बाहेर, भिंतीपासून दूर. किमान चार तास जाऊ द्या. फर्निचर, गाद्या, प्लायवूड तापायला एवढा वेळ लागतो. सूर्य उगवण्याआधी, आतलं तापमान तासाभरात हललं नाही असं दिसलं की दोन्ही आकडे लिहून घ्या. वॅटमीटरवर रेडिएटर प्रत्यक्षात किती वॅट ओढतो तेही लिहा, कारण डब्यावरचा आकडा आणि खरा आकडा यांत फरक असतो.

समजा बाहेर १६ अंश आहे, आत २७, आणि मीटर १,००० वॅट दाखवतो. फरक ११ अंशांचा. १,००० भागिले ११ म्हणजे सुमारे ९१. तुमची गाडी एका अंशाच्या फरकाला ९१ वॅट गमावते. बाहेर उणे १० आणि आत १५ हवे असतील तर फरक २५ अंशांचा, म्हणून ९१ गुणिले २५, सुमारे २,२७५ वॅट. वारा आणि हिशोबातल्या चुकांसाठी वर पाव हिस्सा धरा. झाले २,८०० ते २,९०० वॅट.

आता कोरा पत्रा असलेल्या गाडीचं बघू. आतून ४.२ मीटर लांब, १.८ मीटर रुंद आणि १.९ मीटर उंच अशा पेटीचं एकूण पृष्ठफळ साधारण ३८ चौरस मीटर होतं. नुसत्या पत्र्यातून आणि एकेरी काचेतून दर चौरस मीटरला, दर अंशाला साडेपाच वॅटच्या आसपास उष्णता जाते. हवेची थोडी फट धरली तर अंशाला सव्वादोनशे वॅट. त्याच २५ अंशांच्या फरकाला साडेपाच किलोवॅटहून जास्त. तीच गाडी २५ मिलिमीटर फोमने नीट मढवली आणि काचा झाकल्या की हा आकडा दोन-सव्वादोन किलोवॅटवर येतो. जाहिरातीतला '५ किलोवॅट' अनेकांना का लागतो, हे यावरून कळावं.

चाचणीत अंशाला १३०-१४० वॅटच्या वर आकडा आला तर हीटरचा शोध थांबवून आधी इन्सुलेशनकडे वळा.

पत्रा, काच आणि फटी

नायट्रील किंवा क्रॉसलिंक पॉलिइथिलीनच्या शीट एसी डक्टचं काम करणाऱ्यांकडे मिळतात. १९ मिमी चालते, २५ मिमी चांगली. थर्मोकोल घेऊ नका. गाडी हलली की तो करकरतो, पत्र्याशी फट राहते आणि पेटला तर भयंकर. चिकटवण्यावर मात्र सोलापूरकरांनी जास्त लक्ष द्यायला हवं. इथल्या मे महिन्यात छताचा पत्रा हाताला चटका देतो, आणि स्वस्त रबर अ‍ॅडहेसिव्ह अशा उष्णतेत मऊ पडून शीट लोंबते. शीट आणि पत्रा यांच्यात मग पोकळी होते. हिवाळ्यात त्या पोकळीत श्वासाची वाफ शिरते, पत्र्यावर पाणी होतं आणि गंज आतून सुरू होतो. म्हणून जास्त तापमान सोसणारं अ‍ॅडहेसिव्ह मागा, पत्रा थिनरने पुसा, दोन्ही बाजूंना लावून हाताला चिकट लागेनासं होईपर्यंत थांबा आणि मग रोलरने दाबा. शीटचे जोड फॉइल टेपने बंद करा.

छताच्या आणि बाजूच्या लोखंडी पट्ट्या उघड्या ठेवल्या तर उष्णता त्यांच्यातून पळते. निदान ६ मिमीची पट्टी त्यांच्यावरही चढवा. फरशीत २५ मिमी एक्सपीएस (कडक फोमचा) बोर्ड आणि वर १२ मिमी प्लायवूड.

काच हा सगळ्यात मोठा चोर. प्रत्येक खिडकीच्या मापाचं, दोन्ही बाजूंना चमकदार फॉइल असलेल्या फोमचं झाकण कापून घ्या. ते चौकटीत घट्ट बसलं पाहिजे, नुसतं टेकवलेलं नको. पुढच्या मोठ्या काचेला बाहेरून कव्हर घालणं उत्तम, कारण मग काचेवर आतून पाणी साचत नाही आणि सकाळी बर्फ खरवडावा लागत नाही.

ड्रायव्हरची केबिन आणि मागचा भाग यांच्यामध्ये जाड पडदा हवाच. केबिनमध्ये काच जास्त आणि दारांच्या फटीही जास्त, तो भाग रात्री तापवण्यात अर्थ नाही. इथे सोलापुरी चादर खरोखर उपयोगी पडते: दोन चादरी एकात एक शिवून, खाली वजनासाठी साखळी घालून केलेला पडदा हवा चांगली अडवतो. अंगावर घ्यायला मात्र ती नेऊ नका. चादर सुती, गाडीतल्या दमट हवेत ओलसर होते आणि मग गारच लागते. अंगावर लोकरीची घोंगडी किंवा चांगली रजई.

काय घ्यायचं नाही

कोळशाची शेगडी गाडीत, अगदी दार किलकिलं ठेवूनसुद्धा, कधीच नाही. बंद खोलीत शेगडी ठेवून झोपलेल्यांच्या मृत्यूच्या बातम्या उत्तरेत दर हिवाळ्यात येतात. कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही, आणि तो रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून अधिक घट्ट धरतो. डोंगरात धोका वाढतो, कारण त्याची पहिली लक्षणं (डोकेदुखी, मळमळ, सुस्ती) हुबेहूब उंचीच्या त्रासासारखी असतात. माणूस गोळी घेऊन पुन्हा झोपतो.

मागे सिलिंडर बसणारे, जाळीवर लाल तापणारे गॅस हीटर दिल्लीकडे घरांत वापरतात. तेही गाडीत नकोत. त्यांचा धूर आतच राहतो. एक किलो एलपीजी जळली की सुमारे १.६ किलो पाणी वाफेच्या रूपात हवेत येतं. एक किलोवॅटचा असा हीटर रात्रभर चालवला तर लिटरभर पाणी गादीवर, काचेवर आणि पत्र्यावर जमा होणार. झोपलेली दोन माणसं श्वासातून रात्रीत अर्धा-पाऊण लिटर पाणी सोडतातच, त्यात ही भर. काही परदेशी मॉडेलना ऑक्सिजन कमी झाल्यास बंद करणारा सेन्सर असतो, पण सुमारे ७,००० फुटांच्या वर तो विरळ हवेलाच धोका समजून हीटर विझवू शकतो. नेमका लागतो तिथेच तो कामाचा नाही.

शिवाय आपल्या सिलिंडरात प्रोपेन आणि ब्युटेन यांचं मिश्रण असतं. ब्युटेन उणे अर्ध्या अंशाला उकळतो. त्याखाली तो द्रवच राहतो, सिलिंडर अर्धा भरलेला असूनही ज्योत मलूल होते. लोक मग सिलिंडरवर गरम पाणी ओततात. करू नये. घरगुती १४.२ किलोचं सिलिंडर गाडीत वापरणं नियमातही बसत नाही.

इंजिन रात्रभर चालू ठेवून केबिनचा हीटर वापरणं हा तिसरा सापळा. बर्फ पडून सायलेन्सर झाकला गेला की धूर गाडीखाली साचतो आणि फरशीच्या छिद्रांतून वर येतो. दिवसा गाडी चालत असताना मात्र इंजिनची उष्णता फुकटच असते. कूलंटच्या पाइपमधून टी (तीन तोंडांचा जोड) काढून मागे छोटा हीटर कोअर (गरम कूलंट फिरणारी जाळी) आणि पंखा बसवता येतो. मुक्कामी पोहोचेपर्यंत गाद्या आणि लाकूड तापलेलं असतं आणि रात्रीच्या हीटरचं पहिल्या दोन तासांचं काम वाचतं. काही गाड्यांच्या स्वस्त व्हेरियंटमध्ये केबिनचाही हीटर नसतो. जुनी गाडी घेताना ते बघून घ्या.

वीज: कधी पुरते, कधी नाही

हॉटेलच्या आवारात किंवा होमस्टेपाशी उभं राहून वायर घेता येणार असेल तर रेडिएटर हा सगळ्यात शांत आणि सुरक्षित मार्ग आहे. अडचण दोन ठिकाणी येते. डोंगरात व्होल्टेज पडतं, आणि २३० चं १८० झालं की हीटरची उष्णता साठ टक्क्यांवर येते, म्हणजे १,००० वॅटचा हीटर ६०० वॅटसारखा वागतो. दुसरी अडचण वायरीची. २.५ स्क्वेअर एमएमची, तीन कोअरची, १६ अँपिअर प्लगची वायर स्वतःची न्या. रीलवर गुंडाळलेली वायर पूर्ण सोडूनच वापरा, नाहीतर रील आतून तापून इन्सुलेशन वितळतं. गाडीत आरसीसीबी (वीज गळली की लगेच जोडणी तोडणारा स्विच) हवाच. ओल्या बर्फात उभी असलेली पत्र्याची गाडी आणि अर्थिंगचा भरवसा नसलेलं सॉकेट ही जोडी वाईट.

बॅटरीवर इन्व्हर्टर लावून हीटर चालवण्याची कल्पना मनातून काढून टाका. १,००० वॅटला १२ व्होल्टवर इन्व्हर्टरचा तोटा धरून सुमारे ९५ अँपिअर लागतात. १०० अँपिअर-अवरची लिथियम बॅटरी तासाभरात संपते. बॅटरीवर फक्त डिझेल हीटरचा पंखा, पंप चालवायचा आणि अंथरूण तापवायचं.

अंथरूण तापवा, हवा नंतर

जादा उष्णतेत सगळ्यात स्वस्त आणि भरवशाची ती हीच. १२ व्होल्टचं ६० वॅटचं ब्लँकेट ५ अँपिअर घेतं. झोपण्याआधी अर्धा तास पूर्ण आणि नंतर थर्मोस्टॅटवर चालवलं तर रात्रीत २० अँपिअर-अवरच्या आसपास. दोन लिटरच्या रबरी पिशवीत ७० अंशांचं पाणी भरलं तर ते ३० अंशांपर्यंत थंड होईतो सुमारे ९० वॅट-अवर देतं, म्हणजे ब्लँकेटचं दीड तासाचं काम, तेही बॅटरी न वापरता. उकळतं पाणी भरू नका, पिशवीतली हवा दाबून काढा आणि वर सुती खोळ घाला. पायाशी एक, पोटाशी एक.

अंथरूण गरम असेल तर आतलं तापमान १५ ऐवजी ८-१० अंश ठेवूनही झोप लागते. उणे १० ला फरक २५ ऐवजी १८-२० अंशांवर येतो आणि हीटरचं काम सुमारे पाव हिश्शाने हलकं होतं.

डिझेल हीटर: आकार कसा ठरवायचा

वीजजोडणीशिवाय उणे तापमानात राहायचं तर धूर बाहेर सोडणारा, जळणासाठी हवाही बाहेरूनच घेणारा डिझेल एअर हीटर हाच योग्य पर्याय. आतल्या हवेशी ज्योतीचा संबंध येत नाही आणि तो हवा कोरडी ठेवतो. दोन किलोवॅटचा हीटर पूर्ण जोरात तासाला पाव लिटरच्या आत डिझेल घेतो, रात्रीच्या सरासरीने एक ते दीड लिटर. विजेचं म्हणाल तर सुरू होताना ग्लो प्लगसाठी (डिझेल पेटवायला तापणारी कांडी) दोन-तीन मिनिटं ८ ते १० अँपिअर, पुढे एक-दोन अँपिअर. आठ तासांना २० अँपिअर-अवर धरा.

मोठा घेऊन कमी जोरावर चालवू, हा विचार इथे उलटा पडतो. हे यंत्र मंद चाललं की ज्योत पुरेशी तापत नाही, अर्धवट जळलेल्या डिझेलची काजळी ज्वलनकक्षात आणि ग्लो प्लगच्या जाळीवर बसते. काही दिवसांत हीटर पेटायला कुरकुर करतो आणि मग पेटतच नाही. म्हणून चाचणीतला आकडा दोन किलोवॅटच्या आसपास असेल तर २ किलोवॅटचाच घ्या आणि सगळ्यात थंड रात्री आत दोन-तीन अंश कमी चालवून घ्या. तीन किलोवॅटच्या आसपास असेल तर ४ किलोवॅट. 'आठ किलोवॅट' लिहिलेले अनेक स्वस्त हीटर आतून पाच किलोवॅटचेच असतात. आकड्यापेक्षा पंपाचा आणि पंख्याचा वेग हाताने बदलता येतो का, हवेचा दाब बघून डिझेल आपोआप कमी करणारा सेन्सर आहे का, आणि ग्लो प्लग व जाळी सुटी मिळते का, हे विचारा.

उंचीचा हिशोब असा. ३,५०० मीटरवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या दोन-तृतीयांशाहून थोडा कमी असतो. पंखा तेवढ्याच फेऱ्या मारतो पण हवेत ऑक्सिजन कमी, पंप मात्र सोलापुरात देत होता तेवढंच डिझेल देतो. मिश्रण जाड होतं, धूर काळा, काजळी भराभर. सेन्सर असलेलं मॉडेल पंपाचे ठोके स्वतः कमी करतं. नसेल तर १,५०० मीटरच्या वर गेल्यावर सेटिंगमध्ये पंपाची हर्ट्झ कमी आणि पंख्याची गती जास्त करा. एकदम नाही, थोडं बदलून दहा मिनिटं धूर बघायचा. धूर दिसेनासा झाला की थांबायचं. डिझेल कमी केलं म्हणजे उष्णताही कमी, त्यामुळे स्पिती-लडाखसाठी चाचणीच्या आकड्यावर आणखी चौथा हिस्सा राखीव ठेवा.

बसवण्याचं काम

बसवणारा ऑटो इलेक्ट्रिशियन आणि फॅब्रिकेटर दोघंही एकाच वेळी हजर असतील असं बघा. एकट्याकडून काम अर्धवट होतं.

हीटर पुढच्या प्रवासी सीटखाली किंवा पलंगाखाली बसतो. फरशीत होल सॉने छिद्र पाडण्याआधी खाली वाकून बघा: ब्रेक पाइप, डिझेल लाइन, वायरिंग, चासीची पट्टी. छिद्राच्या कडेला लगेच रस्ट प्रायमर मारा. प्लेटखाली हीटरसोबत आलेलं गॅस्केट हवंच. नुसत्या सिलिकॉनवर भागवू नका, इथूनच धूर आत यायचा मार्ग असतो.

धुराचा पाइप गाडीच्या बाजूपर्यंत न्या. गाडीच्या पोटाखाली सोडून देऊ नका. तोंड दाराच्या आणि उघडणाऱ्या खिडक्यांच्या विरुद्ध बाजूला, किंचित खाली आणि मागच्या दिशेला. ज्वलनाची हवा घेणाऱ्या पाइपचं तोंड त्याच्यापासून दूर. प्रत्येक जोडाला क्लॅम्प, पाइपवर ग्लास फायबर पट्टी, आणि सायलेन्सरच्या सगळ्यात खालच्या जागी पाणी गळण्याचं छोटं छिद्र. ते बुजलं तर साचलेलं पाणी गोठून पाइप बंद होतो.

डिझेलच्या लाइनकडे सर्वाधिक लक्ष द्या, कारण इथल्या चुका सोलापुरात कळत नाहीत. किटसोबत आलेला, सुमारे २ मिमी आतल्या व्यासाचा कडक नायलॉन पाइपच वापरा. मऊ रबरी पाइप पंपाचा ठोका गिळतो आणि मात्रा चुकते. दोन तुकडे जोडताना टोकं ब्लेडने काटकोनात कापा आणि रबरी बाहीच्या आत एकमेकांना टेकवा. दोन टोकांत नखाएवढी जरी फट राहिली तरी तिथे हवेचा बुडबुडा अडतो, आणि ज्योत मध्येच फडफडते. पंप आडवा नको. डिझेल बाहेर पडणारं टोक वर राहील असा तिरका, हीटरच्या पुस्तिकेत दिलेल्या कोनात, आणि रबरी पट्ट्यात, म्हणजे रात्रभराची टिकटिक पत्र्यातून उशीपर्यंत येत नाही. पंपाआधी फिल्टर.

टाकी वेगळी, ५ ते ७ लिटरची, गाडीबाहेर बसवली तर उत्तम. मूळ टाकीतून घ्यायचं असेल तर आतली नळी तळापासून वर ठेवा, म्हणजे हीटरने टाकी रिकामी केली तरी गाडी पंपापर्यंत जाईल. पेट्रोल गाडीला वेगळी डिझेल टाकी लागेलच.

वीज थेट बॅटरीवरून. फ्यूज बॅटरीजवळ, हीटरच्या पुस्तिकेतल्या मापाचा. चार मीटर अंतराला ४ स्क्वेअर एमएम तार घ्या. जाता-येता आठ मीटरमध्ये १० अँपिअरला व्होल्टेजची घट एक-तृतीयांश व्होल्टच्या आसपास राहते. २.५ स्क्वेअरमध्ये ती अर्ध्या व्होल्टच्या वर जाते, आणि पहाटे बॅटरी उतरलेली असताना तेवढ्यानेच ग्लो प्लग तापत नाही. 'हीटर खराब निघाला' या तक्रारींमागे बारीक तार आणि सैल थिंबल (तारेच्या टोकाचं धातूचं टर्मिनल) असणं नेहमीचंच. मध्ये मेन स्विच ठेवा, पण हीटर चालू असताना तो कधीच काढू नका. बंद केल्यावर तीन ते पाच मिनिटं पंखा चालून कक्ष थंड करतो. ती वीज तोडली तर आतली उष्णता कंट्रोलर आणि पंख्याचं प्लास्टिक जाळते.

गरम हवेची नळी लहान हीटरला ६० मिमी, मोठ्याला ७५ मिमी. शक्य तितकी सरळ आणि आखूड. आतली हवाच पुन्हा खेचू द्या, बाहेरची खेचलीत तर दर वेळी उणे तापमानापासून सुरुवात.

गाडीच्या रचनेत बदल केला असेल तर मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे तो आरसी बुकात नोंदवावा लागतो. एमएच-१३ पासिंग असलं तरी पुढे तपासणी कुठल्याही राज्यात होऊ शकते. विमा कंपनीलाही हीटरची लेखी कल्पना द्या.

बॅटरी

घरच्या इन्व्हर्टरची १५० अँपिअर-अवरची ट्युब्युलर बॅटरी गाडीत टाकायचा मोह होतो. ती झोपायच्या जागी ठेवायची वस्तू नाही: चार्ज होताना हायड्रोजन सोडते आणि घाटात हिंदकळून अ‍ॅसिड सांडते. सीलबंद एजीएम (न सांडणारी लेड बॅटरी) किंवा लिथियम आयर्न फॉस्फेट घ्या. रात्रीचा हिशोब हीटर २०, दोन ब्लँकेट ४०, दिवे आणि मोबाइल ८, म्हणजे ७० अँपिअर-अवरच्या आत. लेड बॅटरी निम्म्यापर्यंतच वापरायची आणि थंडीत तिची क्षमता आणखी घटते, म्हणून १५० च्या खाली जाऊ नका. लिथियमला १०० पुरेल, मात्र शून्याखाली ती चार्ज करायची नसते. ती पत्र्याला चिकटून न ठेवता पलंगाखाली, गरम हवेच्या वाटेत बसवा आणि कमी तापमानाला चार्जिंग तोडणारं बीएमएस (बॅटरीवर लक्ष ठेवणारं सर्किट) आहे याची खात्री करा. चार्जिंग गाडी चालताना डीसी-टू-डीसी चार्जरमधून (गाडीच्या विजेवर ही दुसरी बॅटरी भरणारं यंत्र).

अलार्म आणि हवेची फट

कार्बन मोनॉक्साइड अलार्मवर ईएन ५०२९१ हा क्रमांक आणि मुदतीची तारीख बघा. तो झोपलेल्या माणसाच्या डोक्याच्या उंचीला, पलंगाजवळ लावा. शेगडीसाठी गॅस ठेवत असाल तर एलपीजीचा वेगळा डिटेक्टर फरशीपासून हातभर उंचीच्या आत, कारण एलपीजी हवेपेक्षा जड असते. छताचा व्हेंट दोन बोटं आणि खालची एक फट रात्रभर उघडी. त्यातून जाणारी उष्णता चाचणीतच धरलेली आहे, म्हणून ती वाचवायला व्हेंट बंद करू नका. अलार्म वाजला तर आधी सगळे बाहेर, कारण नंतर शोधायचं.

डिझेल आणि निघण्याआधीची तालीम

मैदानातलं डिझेल कडक थंडीत मेणचट होतं. इंजिनाच्या लाइनआधी हीटरचा दोन मिलिमीटरचा पाइप तुंबतो. इंडियन ऑइलने नोव्हेंबर २०१९ मध्ये लडाखसाठी उणे ३३ अंशांपर्यंत प्रवाही राहणारं डिझेल आणलं. त्या भागात जाताना टाकी जमेल तितकी खाली आणून तिथल्याच पंपावर भरा, आणि हीटरची छोटी टाकी विसरू नका, सोलापुरात भरलेलं डिझेल तिच्यात तसंच पडून असतं. गोठू न देणारं अ‍ॅडिटिव्ह वापरायचं तर डिझेल साफ दिसत असतानाच, गढूळ झाल्यावर त्याचा उपयोग नाही.

निघण्याआधी घरासमोर सलग तीन रात्री हीटर चालवा. पहिल्यांदा पेटताना पांढरा धूर आणि रंगाचा वास येतो, तो अर्ध्या तासात जायला हवा. दुसऱ्या रात्री बॅटरी मुद्दाम निम्मी उतरवून पहाटे पाचला चालू करून बघा. सोलापूरच्या १४-१५ अंशांत ग्लो प्लग अडखळला, तर उणे दहाला तो पेटणार नाही. पंपाची टिकटिक येते पण ज्योत नाही, म्हणजे लाइनमध्ये हवा: जोड तपासा. पांढरा धूर थांबत नाही, म्हणजे डिझेल जातं पण पेटत नाही: व्होल्टेज बघा. तिसऱ्या रात्री गाडीत अलार्म ठेवून, व्हेंट ठरल्याप्रमाणे उघडा ठेवून, प्रत्यक्ष झोपा.

प्रवासात रोज सकाळी बंद करण्याआधी दहा-पंधरा मिनिटं पूर्ण जोरात चालवा, साचलेली काजळी जळते. सोबत घ्या: एक ग्लो प्लग आणि त्याची जाळी, तो काढायचा पाना, इंधन फिल्टर, दोन मीटर नायलॉन पाइप, चार रबरी बाह्या, क्लॅम्प, फ्यूज, मल्टिमीटर. परत आल्यावर उन्हाळाभर हीटर बंद ठेवू नका. महिन्यातून एकदा, कितीही उकडत असलं तरी, दारं उघडी टाकून वीस मिनिटं पूर्ण जोरात चालवा, नाहीतर पंपातलं डिझेल चिकट होऊन पुढच्या डिसेंबरात तो अडकलेला सापडतो.